सातांतलं फुटकं चाक

मित्रांनो, मी एक जुनं चाक आहे. तेही फुटकं. फुटकं म्हटल्यावर तुमच्यापैकी कुणी तोंड वाकडं केलं असेल, तर ते आधी सरळ करा. मी ज्या कलादालनात टांगलेलो आहे, तिथे माझ्या शेजारी आणखी सहा चाकं आहेत. ती धडधाकट आहेत, गोड गळ्याची आहेत, आणि मी नसेन तर त्यांना कुणी विचारत नाही. हे मी गर्वानं सांगत नाही. बरं, थोड्या गर्वानं सांगतो.

माझा जन्म ओतशाळेत झाला. लालबुंद पोलाद साच्यात ओतलं गेलं, निवलं, आणि घासूनपुसून माझं चाक झालं. रेल्वेचे रूळ दुरुस्त करणाऱ्या कामगारांची एक ढकलगाडी असते. खाली चार चाकं, वर फळ्या, फळ्यांवर पहारी, नट आवळायचे पाने, पाण्याची कळशी आणि दमलेली माणसं. त्या चार चाकांपैकी मी एक होतो. उन्हातान्हात रुळावरून धावायचो. कामगार संध्याकाळी परत येताना माझ्या डोक्यावरच बसून एकमेकांची थट्टा करत. ते दिवस कष्टाचे होते, पण मला आवडायचे.

आमच्या यार्डात एक गृहस्थ होते. त्यांचं काम तुम्हाला गंमतीचं वाटेल. लांब दांड्याची हातोडी घ्यायची, उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या प्रत्येक चाकावर एक ठोका मारायचा, आणि ऐकायचं. चाक धड असेल तर ते घंटेसारखं वाजतं आणि बराच वेळ वाजत राहतं. आत कुठे तडा असला, डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक जरी असला, तरी त्याचा आवाज मध्येच बसतो. असं चाक गाडीला राहिलं, तर कधीतरी धावता धावता फुटणार आणि माणसांच्या जिवावर बेतणार. ते होऊ नये म्हणून हे गृहस्थ ऊनपाऊस न बघता ठोकत फिरायचे. सगळे त्यांना ठोकेबाबा म्हणत.

त्यांची ही सवय घरीही सुटली नव्हती. कपबशी विकत घेताना ते ती टिचकी मारून ऐकायचे. दार, खुर्ची, भिंत, कलिंगड, काही सुटायचं नाही. जावई पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्याच्याही पाठीवर त्यांनी दोन थापा मारून पाहिल्या म्हणे. आवाज ठीक वाटला असावा, कारण लग्न झालं.

एका थंडीच्या सकाळी ठोकेबाबा माझ्यापाशी आले. एक ठोका मारला. थांबले. पुन्हा मारला. मग खाली बसून माझ्या अगदी जवळ कान आणला.

"हे उतरवा," ते म्हणाले.

"अहो बाबा, कालपर्यंत तर मस्त पळत होतं की," गाडी ढकलणारा कामगार म्हणाला.

"काल पळत होतं. उद्या फुटेल. उतरवा."

मला त्यांचा मनस्वी राग आला. मला कुठे काही दुखतसुद्धा नव्हतं! पण त्यांचा कान खरा होता. माझ्या कडेपासून आत एक केसाएवढी रेघ गेली होती. मला भंगाराच्या ढिगावर टाकलं. तिथे माझ्यासारखी कितीतरी पडली होती. कुणाचं काय मोडलं होतं, कुणाचं काय. सगळे आपापल्या जुन्या पराक्रमाच्या गोष्टी सांगायचे आणि ऐकणारं कुणी नव्हतं.

त्या ढिगावरून मला उचललं ते ठोकेबाबांच्या लेकीनं. ती लोखंडाची शिल्पं करायची. भंगार जोडून घोडे, पक्षी, माणसं बनवायची. अंगावर ठिणग्यांनी भोकं पडलेला जाड कोट, हातात मोजे, आणि बोलणं असं, की शेजारच्या गल्लीत ऐकू जावं. तिच्या कारखान्यात दिवसभर ठोकाठोक चालायची, त्यामुळे तिला हळू बोलायची सवयच राहिली नव्हती.

ती त्या दिवशी का आली होती, ते मला नंतर कळलं. ठोकेबाबांच्या कानांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. आयुष्यभर लोखंडावर ठोकल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टरांनी सांगितलं होतं, की ऐकू येणं हळूहळू कमी होत जाईल आणि शेवटी थांबेल. यार्डात त्यांच्या जागी यंत्र आलं होतं. त्याचं ठोकेबाबांना फारसं वाईट वाटलं नाही. "यंत्र दमत नाही, बरंच झालं," ते म्हणायचे. त्यांना एकच गोष्ट खात होती. हा कान त्यांना त्यांच्या उस्तादानं दिला होता, उस्तादाला त्याच्या उस्तादानं. तो पुढे कुणाला द्यायचा राहून गेला होता. लेकीला शिकवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला होता. पण तिचा कान काही तयार झाला नाही.

त्यात चूक तिची होती की त्यांची, देव जाणे. त्यांची शिकवणी अशी चालायची:

"बाबा, तुम्हाला कसं कळतं?"

"कळतं."

"कळतं म्हणजे काय होतं?"

"कळतं म्हणजे कळतं. ऐक की नीट!"

यातून कोण काय शिकणार? शेवटी लेकीनं हात टेकले. पण ती जिद्दीची. तिनं ठरवलं, मला नाही आलं तर नाही, पण हे बाबांबरोबर जाऊ द्यायचं नाही. शब्दांत सांगता येत नसेल तर आपण असं काहीतरी बनवू, की येईल त्याला ते ऐकून ऐकून शिकता येईल.

त्यासाठी ती भंगारातून चाकं निवडत होती. ठोकेबाबा ठोकून सांगत होते आणि ती चांगली चाकं हातगाडीवर चढवत होती. सहा झाली. मग बाबांनी मला ठोकलं आणि मला ओळखलं.

"हे घे," ते म्हणाले.

"बाबा, हे तर फुटकं आहे ना?"

"म्हणूनच घे. सहा गोड आवाज ऐकून माणूस झोपी जाईल. शिकणार कसा?"

मित्रांनो, त्या क्षणी माझा त्यांच्यावरचा राग निम्मा उतरला. उरलेला मी आणखी काही दिवस ठेवला. इतक्या लवकर विरघळायला मी काही बर्फ नव्हतो.

लेकीच्या कारखान्यात आमचं शिल्प तयार झालं आणि कलादालनात लागलं. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर एक मोठं लोखंडी कडं. त्याला जाड चामडी पट्ट्यांनी आम्ही सात चाकं टांगलेली. कड्याला धक्का दिला की ते गरगर फिरायचं, म्हणून फुटकं कुठे थांबलं ते कुणालाच सांगता येत नसे. सगळ्यांना एकच करडा रंग दिला होता, तेव्हा डोळ्यांचा उपयोग शून्य. फक्त माझ्या पाठीवर लेकीनं छिन्नीनं एक लहानशी खूण केली होती. कारण तिला मी आवाजावरून ओळखू येत नव्हतो.

आणि एक हातोडी होती, लांब दांड्याची. ती अडकवायला लेकीनं मुद्दामच खुंटी केली नव्हती. नियम असा होता, की फुटकं ओळखता आलं म्हणजे काम संपलं, असं नाही. पुढच्या माणसाला ते ओळखता येईपर्यंत हातोडी सोडायची नाही, आणि मग ती त्याच्याच हातात द्यायची. शिकवताना बोट दाखवायचं नाही, नाव सांगायचं नाही. नुसतं ठोकायचं आणि ऐकवायचं. संध्याकाळी शेवटचा माणूस ती हातोडी दरवानकाकांच्या हातात देई. दुसऱ्या दिवशी पहिल्या माणसाला शिकवायचं काम काकांचं. बिचारे काका! पहिले काही दिवस त्यांच्या नाकी नऊ आले. पण एकदा कान तयार झाल्यावर ते असे काही तोऱ्यात शिकवायचे, की जणू आमच्या ओतशाळेचे मालक तेच.

शिल्पाला लेकीनं 'परंपरा' असं भारदस्त नाव दिलं होतं. पाटीवर ते होतंही. लोकांनी मात्र आम्हाला 'ठकठक' म्हणायला सुरुवात केली. "चल, ठकठकला जाऊन येऊ." लेक आधी चिडली, मग तीही ठकठक म्हणायला लागली.

काय दिवस होते ते! कपबश्यांच्या दुकानातली बाई यायची, आणि परत गेल्यावर दुकानातला प्रत्येक माल ठोकून बघायची. मालकाला तिनं भंडावून सोडलं होतं. एक डॉक्टर यायचे. ते तर रोग्यांच्या छातीवर बोटं ठोकून ऐकण्यात तरबेज, तरी पहिल्या दिवशी त्यांना मी सापडलो नाही, आणि ते रुसून बसले. एक नवराबायको भांडत भांडत आले होते. बायकोला मी सापडलो, नवऱ्याला सापडेना. नियमाप्रमाणे बायकोला हातोडी सोडता येईना. बंद व्हायच्या वेळेपर्यंत ती त्याला शिकवत होती. जाताना दोघं हसत होते. भांडण कशावरून होतं, ते बहुधा दोघंही विसरले.

ठोकेबाबा रोज येऊन समोरच्या बाकावर बसायचे. अनोळखी माणसं एकमेकांना कान देत आहेत, हे बघून त्यांचा चेहरा फुलायचा. पण त्यांचा खरा जीव अडकला होता नातीत.

तिला सगळे भिंगरी म्हणत. सारखी फिरायची म्हणून. आमचं कडं सर्वांत जोरात फिरवायची ती हीच. हात पुरत नसे, तेव्हा ती स्टुलावर चढून ठोकायची, आणि मला ओळखायची! रोज, हमखास. दहा जणांना जमायचं नाही ते तिला जमायचं. ठोकेबाबा येईल त्याला सांगायचे, "माझा कान माझ्या नातीला आला." मुलीला न येता नातीला आला, म्हणजे एक पायरी गाळून आला, असं ते म्हणायचे, आणि लेक त्यावर डोळे मोठे करायची.

पण मित्रांनो, मी वर टांगलेलो असतो, मला सगळं दिसतं. ठोका मारताना भिंगरी माझ्याकडे बघतच नव्हती. ती बघायची आजोबांकडे. माझा आवाज बसला की ठोकेबाबांची डावी भुवई आपोआप वर जायची. त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. भिंगरीला ठाऊक होतं. ती आजोबांची भुवई वाचायची आणि माझ्यावर बोट ठेवायची.

हे लेकीच्या ध्यानात आलं. तिनं एक दिवस भिंगरीला आजोबांकडे पाठ करून उभं केलं.

"आता ओळख."

भिंगरीनं ठोकलं. मला सोडून भलत्याच चाकावर बोट ठेवलं. पुन्हा ठोकलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा तिनं हातोडी आईच्या हातात दिली आणि बाकामागे जाऊन रडायला लागली. ठोकेबाबांनी तिला जवळ घेतलं, पण त्यांचा चेहरा पडला होता. इतके दिवस ज्याला ते आपला कान समजत होते, ती नुसती त्यांचीच भुवई निघाली.

त्यानंतर भिंगरी एकटी यायला लागली. आजोबांना तिनं बजावून ठेवलं होतं, "तुम्ही यायचं नाही." शाळा सुटली की पाठीवर दप्तर तसंच ठेवून, स्टुलावर चढून, डोळे मिटून ती ठोकायची. दरवानकाका शिकवायला गेले तर त्यांनाही ती परत पाठवायची. आधी तिचं सारखं चुकायचं. मग कधी बरोबर, कधी चूक. मला तर ओरडून सांगावंसं वाटायचं, की अगं, इकडे, मी इथे आहे! पण चाकाला ठोक्याशिवाय तोंड नाही. तिच्या ठोक्याला मी जितकं जमेल तितकं खरं उत्तर द्यायचो. एवढंच माझ्या हातात होतं.

आणि नेमके त्याच सुमारास ठोकेबाबा आजारी पडले. ताप मेंदूपर्यंत गेला. जीव वाचला, पण उरलंसुरलं ऐकू येणं त्या तापात गेलं. लेक आणि भिंगरी दवाखान्यात अडकल्या. ठकठककडे यायला कुणाला सवड नव्हती. नात शिकली की नाही, हे आता आजोबांना कधीच कळणार नव्हतं. भिंगरीला याचंच सगळ्यात जास्त दुःख होतं, असं दरवानकाका म्हणाले. पुढच्याच महिन्यात काका निवृत्त झाले आणि मुलाकडे राहायला गेले.

कलादालनात नव्या व्यवस्थापकबाई आल्या. बाई मनानं फार चांगल्या होत्या. त्यांना फक्त पसारा खपत नसे. हातोडी लोकांच्या हातात फिरते हे बघून त्यांना कसंतरी झालं. त्यांनी भिंतीत एक सुंदर पितळी खुंटी ठोकून घेतली आणि शेजारी पाटी लावली, 'हातोडी वापरल्यावर जागेवर ठेवावी.' झालं! माणसं यायची, हातोडी घ्यायची, ठणठण करायची, हातोडी खुंटीला लावायची आणि निघून जायची. शिकायचं कुणी नाही, शिकवायचं कुणी नाही. या कानानं ऐकायचं आणि त्या कानानं सोडून द्यायचं. हळूहळू आमच्यावर धूळ बसली, रंगाचे पोपडे निघाले. एका मावशींनी तर माझ्यावर ओलं फडकं वाळत घातलं होतं. मी काय बोलणार?

मग बाईंनी आमची डागडुजी काढली. त्यांनी बोलावलेला वेल्डर कामात पक्का होता. त्यानं आमचा सगळा रंग खरवडला, आणि त्याला माझी रेघ दिसली.

"बाई, हे बघा. याला तडा आहे."

"अगं बाई! कुणाच्या डोक्यात पडलं असतं म्हणजे?"

"काळजी नको. असा भरतो, की ब्रह्मदेवाला सापडणार नाही."

पाटीवर फक्त 'परंपरा' लिहिलेलं. सातांतलं एक मुद्दाम फुटकं आहे, हे बाईंना सांगायला दरवानकाका नव्हते. वेल्डरनं माझा तडा खोल घासला, भरला, पुन्हा घासला. छिन्नीची खूणही त्यात गेली. मग त्यानं गंमत म्हणून मला एक ठोका मारला.

मित्रांनो, मी वाजलो! मी घंटेसारखा वाजलो, आणि कितीतरी वेळ वाजत राहिलो. इतक्या वर्षांनी माझा आवाज मला परत मिळाला होता. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला. रंग वाळेपर्यंत मी नुसता हरखून गेलो होतो. मग ध्यानात आलं, की आता आपण सातही सारखेच. आता कड्याला धक्का देऊन कुणी काय शोधायचं?

नव्या रंगानंतर बाईंनी लहानसा समारंभ ठेवला. बरीच माणसं जमली. लेक आली, भिंगरी आली, आणि त्यांच्या मध्ये काठी टेकत ठोकेबाबा आले. किती वाळले होते ते! बाईंनी त्यांना मानानं पहिल्या खुर्चीत बसवलं आणि भिंगरीला म्हणाल्या, "सुरुवात तुझ्यापासून करू या. शोध बरं, यात वेगळं कोणतं ते." आम्ही ठकठक असताना लोक काहीतरी शोधायचे, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं.

भिंगरी आता उंच झाली होती, तिला स्टूल लागलं नाही. तिनं कडं फिरवलं. ते थांबल्यावर डोळे मिटून एकेक चाक ठोकत गेली. सात झाली. ती थांबली. तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता तर आणखी सावकाश. प्रत्येक आवाज पूर्ण विरेपर्यंत ती ऐकत राहायची. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

तिनं डोळे उघडले. "यात फुटकं नाहीच," ती म्हणाली.

लोक हसले. वाईट हसले नाहीत, मोठी माणसं लहानांवर हसतात तसं. "सापडत नाही म्हणून नाहीच म्हणतेस होय?" कुणीतरी म्हणालं.

लेकीनं खाली वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "भिंगरे, येत नसेल तर येत नाही म्हण. मला तरी कुठे येतं? त्यात लाजायचं काय?"

"आई, मला येतं. म्हणून तर सांगतेय."

"अगं, मी स्वतः टांगलंय ते. असेलच."

"होतं. आता नाही."

तिचे डोळे भरून आले होते, पण ती मागे हटली नाही. मला काय वाटत होतं, ते कसं सांगू? त्या सगळ्या हॉलमध्ये ती खरं बोलतेय हे फक्त मला ठाऊक होतं, आणि माझा नवा गोड आवाजच तिला खोटं पाडत होता.

"काय म्हणते ती?" ठोकेबाबांनी विचारलं. ऐकू येत नसल्यामुळे ते फार मोठ्यानं बोलायचे. सगळा हॉल दचकला. भिंगरीनं आमच्याकडे हात केला आणि मान हलवली. नाही. मग सात बोटं दाखवली आणि हात घंटेसारखे हलवले.

ठोकेबाबा उठले. काठी खुर्चीला टेकवून आमच्याजवळ आले. त्यांनी पहिल्या चाकावर तळहात ठेवला आणि भिंगरीला खूण केली. तिनं ठोकलं. हाताखालची थरथर थांबेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग दुसरं. मग तिसरं. माझ्यावर हात ठेवला तेव्हा तो हात मी ओळखला. त्यांनी मला ओळखलं नाही. कसं ओळखणार? मी थरथरतच राहिलो. ते पुढे गेले.

सातवं झाल्यावर ते लोकांकडे वळले.

"पोरगी बरोबर आहे!" ते गरजले. "सातही धडधाकट! माझं फुटकं कुठे गेलं?"

तेवढ्यात मागून वेल्डरचा आवाज आला. भोळा बिचारा, त्याला वाटलं आपलं कौतुक चाललंय.

"ते होय? ते मी भरलं! सांगितलं होतं ना बाई, ब्रह्मदेवाला सापडणार नाही!"

"ब्रह्मदेवाला नाही सापडलं," भिंगरी नाक ओढत म्हणाली, "मला सापडलं."

मग जे हसू फुटलं ते मात्र वेगळं होतं. व्यवस्थापकबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांनी लेकीचे हात धरून माफी मागितली. लेक त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती आपल्या पोरीकडे बघत होती. चांगल्या चाकांत फुटकं शोधणं एक वेळ सोपं. सगळे 'आहे, आहे' म्हणत असताना 'नाही' म्हणायला कान फारच पक्का लागतो. आणि त्या दिवशी मदतीला कुणाची भुवई नव्हती.

दुसऱ्या दिवशी वेल्डरनंच आपल्या हातच्या कामावरून मला ओळखून उतरवलं आणि लेकीच्या कारखान्यात आणून दिलं. आता माझा तडा परत करायचा होता. हे वाटतं तेवढं सोपं नसतं. फार खोल कापलं, तर मी पत्र्याच्या डब्यासारखा वाजलो असतो आणि कुणीही मला ओळखलं असतं. फार उथळ कापलं, तर मी गोडच राहिलो असतो. माझा जुना आवाज या दोहोंच्या मध्ये कुठेतरी होता. सुरुवातीला चांगला, आणि मग अर्ध्यावर हळूच बसणारा. तो आवाज आता फक्त एकाच कानात शिल्लक होता, भिंगरीच्या.

लेक लोखंड कापायच्या बारीक करवतीनं चार घासे मारायची आणि थांबायची. भिंगरी ठोकायची. "अजून." पुन्हा चार घासे. "अजून." ठोकेबाबा कोपऱ्यातल्या पेटीवर बसून दोघींकडे बघत होते. माझा गोड आवाज थोडा थोडा करून जात होता. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण केव्हापासून दोघी मायलेकी माझ्यासाठी घामाघूम झाल्या होत्या. एवढं लाड-कौतुक माझ्या गोड आवाजाचं कुणी कधी केलं नव्हतं.

"थांब!" भिंगरी म्हणाली. तिनं पुन्हा एकदा ठोकलं. डोळे मिटून ऐकलं. "हाच. हाच तो."

"नक्की?"

"नक्की," म्हणत तिनं आजोबांनाही दिसेल अशी मान डोलावली.

लेकीला काही फरक कळला नाही. सवयीनं तिनं वडिलांकडे पाहिलं. मीही वाट बघत राहिलो. मित्रांनो, या माणसाची एक गोष्ट सबंध यार्डाला माहीत होती. चाकाच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाचा शब्द घेतला नाही. साहेबाचा नाही, सोबत्याचा नाही. दुसऱ्यानं दहादा ठोकलेलं चाकही ते स्वतः ठोकल्याशिवाय पुढे जाऊ देत नसत. त्यावरून कितीतरी जण त्यांच्यावर रुसले होते. तेव्हा आता ते उठणार, माझ्यावर तळहात ठेवणार आणि स्वतः खात्री करून घेणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. लेकीनं तर मला त्यांच्या बाजूला वळवूनसुद्धा ठेवलं.

ठोकेबाबा उठले. माझ्याजवळ आले. भिंगरीनं ठोकायला हातोडी उचलली.

त्यांनी माझ्यावर हात ठेवला नाही. त्यांनी भिंतीवरचा आपला कोट काढला, अंगात चढवला, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ती म्हणतेय ना झालं म्हणून? मग झालं. चला आता, मला भूक लागलीय."

भिंगरी हातोडी हातात धरून तशीच उभी राहिली. लेकीनं पटकन तोंड फिरवलं आणि करवत पुसायला घेतली. ती आधीच स्वच्छ होती, तरी ती बराच वेळ पुसत राहिली.

मित्रांनो, माझी गोष्ट इथेच संपते. तुम्हाला जुन्या वस्तूंची काळजी घ्यायची असेल तर जरूर घ्या. पण डागडुजीला हात घालण्याआधी एवढं विचारा, की ही वस्तू काय सांगत होती. आणि तुम्हाला कुणी काही शिकवत असेल, तर त्याच्या तोंडाकडे बघून उत्तरं देऊ नका. चुका, रडा, पण स्वतः ऐका. मग ते दुसऱ्याला ऐकवा. शिकवणाराही कधीतरी थकतो. त्यालाही घरी जाऊन जेवायचं असतं, आणि तुमच्यावर सगळं सोपवून निर्धास्तपणे जाता आलं, तर त्या जेवणाची चव काही औरच असते.